कोल्हापूरच्या गाडीतली जागा

मिरजेहून पश्चिमेला निघालेला लोहमार्ग जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी, वळिवडे ही स्थानके घेत कोल्हापूरला येतो आणि तिथेच संपतो. पुढे सह्याद्री आहे, त्याच्या पायथ्याशी कोकण आहे, पण रूळ नाहीत. १८९१ पासून ही स्थिती तशीच आहे. सहकुटुंब लांबच्या प्रवासाला निघालेल्या कोल्हापूरकराने गाडीत कुठे बसायचे, खिडकी कोणाला द्यायची, आजीला कुठे झोपवायचे, हे कसे ठरवले याचा इतिहास बराचसा या एका गोष्टीभोवती फिरतो. इथली गाडी इथूनच सुटते, म्हणून फलाटाला लागते तेव्हा ती रिकामी असते. सांगली-कराडच्या माणसाला भरलेल्या डब्यात शिरून उरलेल्या जागेशी जमवून घ्यावे लागते. कोल्हापूरच्या माणसापुढे अख्खा डबा मोकळा असतो. मात्र या मोकळ्या डब्यातली जागा निवडण्याचा अधिकार त्याला प्रत्यक्षात किती मिळाला, हे काळाप्रमाणे बदलत गेले.

कोल्हापूर संस्थानाच्या रेल्वेच्या कामाची पहिली कुदळ १८८८ मध्ये शाहू महाराजांच्या हस्ते पडली. तेव्हा त्यांच्या हाती राज्यकारभार यायचा होता. १८९१ च्या एप्रिलमध्ये मार्ग खुला झाला. मिरजेपर्यंतचे अंतर सुमारे २९ मैल, रूळ मीटर गेजचे. मार्ग संस्थानचा असला तरी गाड्या चालवण्याचे काम सदर्न मराठा रेल्वे कंपनीकडे होते. पुणे-मिरज-बेळगाव हा मार्गही तिचाच. पुढे १९०८ मध्ये ही कंपनी मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे झाली, १९५१ मध्ये दक्षिण रेल्वेत गेली, १९६६ नंतर दक्षिण मध्य रेल्वेत आणि शेवटी मध्य रेल्वेत. कोल्हापूरच्या प्रवाशाने हे बदल मुख्यतः डब्यावरच्या अक्षरांतून पाहिले.

कोल्हापुरात आगगाडी येण्याच्या वीस वर्षे आधी कोल्हापूरच्या एका राजाने युरोपात आगगाडीचा प्रवास केला होता. छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये युरोपला गेले, इंग्लंडात फिरले आणि परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स येथे वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी वारले. त्यांची रोजनिशी कॅप्टन वेस्ट यांनी संपादित करून १८७२ मध्ये प्रसिद्ध केली. आर्नो नदीच्या काठी त्यांचे स्मारक आहे. त्या काळच्या युरोपीय डब्याची रचना लक्षात घेण्यासारखी आहे, कारण तीच पुढे हिंदुस्थानात आली. डब्यात आरपार जाणारी वाट नसे. आडव्या भिंतींनी डब्याचे कप्पे पाडलेले असत, प्रत्येक कप्प्याला बाहेर उघडणारी स्वतःची दारे आणि आत समोरासमोर दोन बाके. एकदा दार लागले की पुढच्या स्थानकापर्यंत त्याच माणसांसमोर बसायचे. त्यामुळे तिथे जागा निवडणे म्हणजे आधी सोबत निवडणे, खिडकी वगैरे नंतर. इंग्लंडमध्ये १८६८ च्या कायद्याने धूम्रपान करणाऱ्यांसाठी वेगळे कप्पे ठेवणे कंपन्यांना भाग पडले. पैसेवाले कुटुंब अख्खा कप्पाच राखून घेई.

हिंदुस्थानात कायद्याने विभागणी केली ती स्त्री-पुरुषांची. १८९० च्या रेल्वे कायद्यातील ६४ व्या कलमाप्रमाणे १ जानेवारी १८९१ पासून प्रत्येक प्रवासी गाडीत सर्वांत खालच्या वर्गाचा निदान एक कप्पा केवळ बायकांसाठी ठेवणे सक्तीचे झाले. गाडी पन्नास मैलांहून लांब जाणार असेल तर अशा एका कप्प्याला शौचकूपही हवे. कोल्हापूर-मिरज अंतर २९ मैल, त्यामुळे तेवढ्याच टप्प्यात येजा करणाऱ्या गाडीला या कलमाच्या अक्षराप्रमाणे ते बंधन लागू होत नव्हते. कायद्याच्या मजकुरात असा मैलांचा हिशेब असला की त्याची झळ कुणाला लागते हे सांगण्याची गरज नाही. त्याच कायद्याच्या ६३ व्या कलमाने प्रत्येक कप्प्यात किती माणसे बसवायची हा आकडा ठरवून तो डब्यावर ठळक दिसेल असा लिहिण्याची सक्ती केली. ‘इतकी माणसे बसण्यास’ हा डब्यातला रंगवलेला मजकूर तिथून आला. तो पाळला जाई तो मुख्यतः वरच्या वर्गांत.

बायकांच्या कप्प्याने कुटुंबाची गाडीतच वाटणी झाली. आई, आजी, सुना, मुली आणि लहान मुले एकीकडे, बाप्ये दुसरीकडे. कप्प्यांना जोडणारी वाट नसल्याने मधल्या स्थानकावर गाडी थांबली की घरातला पुरुष उतरून बायकांच्या खिडकीशी जाई, पाण्याचा तांब्या भरून देई, दशम्यांची पुरचुंडी घेऊन परत येई आणि शिट्टी झाली की आपल्या डब्याकडे धावे. सामान कुठे ठेवायचे हाही यातलाच प्रश्न. दागिन्यांची ट्रंक बायकांजवळ ठेवावी की पुरुषांजवळ, यावर घरोघर निरनिराळी मते असत. ज्यांना परवडे ते दुसऱ्या किंवा पहिल्या वर्गाने एकत्र जात. या वर्गांत बाके गादीची, माणसे कमी, आणि रात्री आडवे होण्याची मुभा तिकिटातच असे. अंथरूण-पांघरूण मात्र आपापले न्यायचे, म्हणून होल्डॉल ही वस्तू मध्यमवर्गीय घरात आली. युरोपात रात्री झोपायला मिळावे म्हणून वॅगाँ-ली कंपनीच्या डब्याचे वेगळे आणि चांगले भक्कम पैसे मोजावे लागत. इथे गादी घरची असल्याने झोप स्वस्त पडली.

जातीनुसार वेगळे कप्पे मात्र रेल्वेने केले नाहीत. तिकिटाचा वर्ग पैशावर ठरे. ज्यांच्याजवळ बसायचे नाही असे गावात ठरलेले होते ते तिसऱ्या वर्गाच्या बाकावर शेजारी येऊन बसत, आणि गाडी चालू असेपर्यंत त्यावर उपाय नसे. याच मार्गावरचा एक प्रवास नोंदलेला आहे. १९०१ मध्ये भीमराव आंबेडकर आपला भाऊ आणि भाचे यांच्यासह साताऱ्याहून खटाव तालुक्यात नोकरीला असलेल्या वडिलांकडे निघाले. मुलेच मुले, बरोबर मोठे माणूस कोणी नाही, अंगावर नवे कपडे, आगगाडीत बसायचा पहिलाच आनंद. मसूर स्थानकापर्यंत गाडीत काही अडले नाही. अडले ते स्थानकावर उतरल्यावर. स्टेशनमास्तरने जात विचारली, बैलगाडीवाले न्यायला तयार होईनात, आणि वाटेत पाणी मिळेना. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात त्यांनी हा प्रसंग लिहिला आहे. डब्यातली जागा आणि डब्याबाहेरची जागा यांतले अंतर दाखवणारा याहून नेमका दाखला या मार्गावर दुसरा सापडणे कठीण आहे.

वाफेच्या इंजिनाच्या काळात चांगली जागा म्हणजे काय, याची कल्पना आजच्या उलट होती. आज मुले गाडीच्या दिशेला तोंड करून खिडकीत बसू पाहतात. तेव्हा इंजिनाकडे तोंड करून खिडकीत बसणाऱ्याच्या डोळ्यांत कोळशाचे कण जात, पांढऱ्या कपड्यांवर काजळी बसे, आणि घाटात इंजिन जोर करू लागले की धूर थेट आत शिरे. जाणती माणसे इंजिनाकडे पाठ येईल अशी खिडकी धरत आणि इंजिनालगतचा डबा टाळत. युरोपातही तोच अनुभव होता. पुण्याकडे जाताना आदर्कीच्या आणि पुढे शिंदवणेच्या घाटात वळणावर आपल्याच गाडीचे इंजिन दिसते. मुलांना ते पाहायचे असे, आणि डोळ्यांत कण घालून घेण्याची त्यांची तयारीही असे.

पुण्याला गाडी बदलणे हा १९७१ पर्यंतच्या प्रत्येक मुंबई प्रवासाचा अटळ भाग होता. कोल्हापूरची गाडी मीटर गेजची, मुंबईची ब्रॉड गेजची. ट्रंका, वळकट्या, गुळाची ढेप, फिरकीचा तांब्या, झोपलेली मुले असे सगळे एका फलाटावरून दुसऱ्यावर न्यायचे आणि दुसऱ्या गाडीत पुन्हा पहिल्यापासून जागा शोधायची. कोल्हापुरात रिकाम्या डब्यात मिळवलेल्या जागेची किंमत पुण्यात संपे. पंढरपूरला जाणाऱ्यांना हेच मिरजेत करावे लागे. बार्शी लाइट रेल्वेचा नॅरो गेज मार्ग १९२७ मध्ये मिरजेपर्यंत आला. त्या छोट्या डब्यात आषाढी-कार्तिकीला बसायला जागा मिळाली तर विठ्ठलाचीच कृपा म्हणायची. पुढे मिरजेत काही दशके तिन्ही रुंदींचे रूळ एकाच जंक्शनात होते, आणि कोल्हापूरकराच्या प्रवासात मिरज हे नाव गाडी बदलण्याशी कायमचे जोडले गेले.

जागा निवडण्याचा प्रश्नच नसलेले एक आगमनही या मार्गाने पाहिले आहे. दुसऱ्या महायुद्धात घरदार गमावून सोव्हिएत रशियातून इराणमार्गे बाहेर पडलेल्या पोलिश निर्वासितांची मोठी वसाहत १९४३ मध्ये वळिवड्याला उभी राहिली. सुमारे पाच हजार माणसे, त्यांत बायका आणि मुलेच जास्त. युरोपातली ही कुटुंबे चार-पाच वर्षे कोल्हापूरच्या आधीच्या या लहानशा स्थानकाशेजारी राहिली आणि महायुद्धानंतर पांगली. फाळणीनंतर त्याच जागी सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर वसले.

स्वातंत्र्यानंतर वर्गांची नावे बदलली. १९५५ मध्ये जुना पहिला वर्ग बंद झाला, दुसऱ्याला पहिला म्हणू लागले आणि मधला, म्हणजे इंटर, दुसरा झाला. तिसरा वर्ग १९७४ पर्यंत टिकला. पण कुटुंबाच्या दृष्टीने यापेक्षा मोठा फरक साठच्या दशकात आलेल्या तीन मजली झोपण्याच्या डब्याने पडला. तोपर्यंत तिसऱ्या वर्गाचा प्रवासी रात्रभर बसून जाई, फार तर सामान ठेवण्याच्या फळीवर चढून अंग टाके. आता त्याच्या नावावर एक फळी आली. सुरुवातीला ती खरोखरच लाकडी फळी होती. तिच्यावर दोन इंच फोम घालण्याचा निर्णय मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना, १९७७ ते १९७९ या काळात, झाला. दंडवते राजापूर मतदारसंघातून निवडून येत. म्हणजे घाटाच्या खालचा, गाडी नसलेल्या मुलखाचा खासदार घाटावरच्या माणसाच्या पाठीखाली गादी घालून गेला. त्या गादीचा उल्लेख रेल्वेच्या मोठमोठ्या योजनांच्या यादीत सहसा सापडत नाही, पण दुसऱ्या वर्गाने रात्र काढलेल्या पिढीला ती नेमकी आठवते.

१९७१ मध्ये पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग ब्रॉड गेज झाला आणि महालक्ष्मी एक्सप्रेस थेट मुंबईला जाऊ लागली. पुण्याला उतरण्याची कटकट संपली. संध्याकाळी कोल्हापुरात बसायचे आणि सकाळी मुंबईत उतरायचे. रात्रीच्या गाडीने जागेचे गणित बदलले. आता खिडकीपेक्षा कोण कोणत्या बर्थवर झोपणार हे महत्त्वाचे झाले. स्लीपरच्या जुन्या डब्यात ७२ बर्थ, आठ-आठांचे नऊ खण. एका बाजूला समोरासमोर तीन-तीन, वाटेच्या पलीकडे खिडकीलगत दोन. १ आणि ४ हे खालचे, २ आणि ५ मधले, ३ आणि ६ वरचे, ७ बाजूचा खालचा, ८ बाजूचा वरचा. पुढच्या खणातही हाच क्रम. त्यामुळे आकड्याला आठाने भागून बाकी पाहिली की बर्थ कुठला ते कळते. शाळेत भागाकाराचा कंटाळा करणारी मुलेही हा हिशेब तोंडी करत. संडासाजवळचे पहिला आणि नववा खण नकोत, मधला म्हणजे ३३ ते ४० चा खण उत्तम, हे ज्ञान घराघरांत मुरले. डब्याच्या मध्यावर चाकांचे हिसके कमी बसतात, हे त्याचे दुसरे कारण.

आठ माणसांच्या कुटुंबाला एक पूर्ण खण मिळाला की रात्रीची मांडणी जवळजवळ ठरलेली असे. आजी-आजोबांना समोरासमोरचे खालचे बर्थ. आईला आजीच्या वरचा मधला, कारण रात्री आजीने हाक मारली तर तिला ऐकू यावी. वरचे दोन मुलांना, त्यांनी ते हट्टाने मागून घेतलेले असतात. बाजूचा खालचा वडिलांना, तिथून सामानही दिसते आणि स्थानकही. त्याच्या वर काका, त्यांची उंची कमी असेल तर ठीक, नाहीतर पाय वाटेत. उरलेला दुसरा मधला आठव्याला. मधला बर्थ सर्वांत नावडता, कारण तो उघडला की खाली कुणाला ताठ बसता येत नाही आणि मिटवला की झोपणारा बेघर होतो. यावरून एवढे वाद झाले की रेल्वेला झोपण्याची वेळ नियमात लिहावी लागली. आधी ती रात्री ९ ते सकाळी ६ होती, २०१७ मध्ये १० ते ६ झाली. बाजूला मधला बर्थ घालून प्रत्येक खणात नववा माणूस कोंबण्याचा प्रयोग २००७ च्या सुमारास झाला. लोकांनी तो इतका नाकारला की मागे घ्यावा लागला.

कोल्हापूरकर कुटुंब जेवणाचा डबा उघडते ते गाडी हलल्याबरोबर, भूक असो वा नसो. याला कारण पुन्हा शेवटच्या स्थानकाचे. मिरज येईपर्यंतच्या तासाभरात खण बहुधा आपलाच असतो. मिरज-सांगलीला उरलेले प्रवासी चढतात, मग कागद पसरून जेवायला जागा राहत नाही. धपाटे, शेंगाचटणी, दही-भात रुकडी-हातकणंगल्याच्या दरम्यान संपलेले असतात. जयसिंगपूरचे भडंग मात्र पुढे चालते, आणि नवा प्रवासी आला की त्यालाही दिले जाते. जागांची अदलाबदल साधारण याच वेळी होते. ‘तुम्ही एकटेच आहात ना, आमच्या वहिनींना खालचा द्याल का?’ हा प्रश्न भडंगाचा कागद पुढे केल्यानंतर विचारला जातो. कागदावर नोंदलेली जागा आणि प्रत्यक्ष झोपायची जागा यांची गाठ अशी मिरजेनंतर पडते.

कागदावरची नोंद होण्याची रीत संगणकाआधी जाडजूड वह्यांची होती. प्रत्येक गाडीची, प्रत्येक तारखेची वेगळी वही, तिच्यात डब्याचा आराखडा, आणि कारकून शाईने नाव लिही. ओळखीचा कारकून असेल तर ‘एक खण लागोपाठ द्या’ असे सांगता येई. जागा निवडण्याचा हक्क सर्वसामान्य माणसाला सर्वांत जास्त मिळाला तो या काळात, आणि तोही ओळखीच्या मार्गाने. परतीच्या प्रवासाची जागा दुसऱ्या गावाहून तारेने मागवली जाई. तिचे उत्तर वेळेवर येईल याची हमी नसल्याने लग्नाच्या वऱ्हाडात परतीच्या गाडीची काळजी वधूपित्याच्या इतर काळज्यांच्या बरोबरीने असे.

ज्यांच्याजवळ आरक्षण नसे त्यांच्यासाठी गाडी लागण्याची वेळ ही खरी वेळ. घरातला तरणाताठा मुलगा तासभर आधी फलाटावर धाडला जाई. रिकामी गाडी हळूहळू मागे सरकत फलाटाला लागू लागली की तो चालत्या गाडीत चढे किंवा खिडकीतून हात आत घालून बाकावर रुमाल, टॉवेल, पिशवी, जे असेल ते टाके. टाकलेल्या रुमालाला कायद्यात काहीही आधार नाही, तरी तो हलवायला सहसा कोणी धजत नसे. मधल्या स्थानकांवर ही रीत चालत नाही, कारण तिथे रुमाल टाकायला रिकामे बाकच नसते. ती शेवटच्या स्थानकाची रीत आहे. हमालांनी जागा धरून देण्याचा जोडधंदाही त्यातूनच आला.

दिवसाच्या गाडीचे गणित वेगळे. कोयना एक्सप्रेस सकाळी कोल्हापूर सोडते आणि दिवसभर धावून रात्री मुंबईला पोहोचते. मिरजेनंतर मार्ग उत्तरेकडे वळतो, त्यामुळे सकाळचे ऊन उजव्या हाताच्या खिडक्यांवर येते आणि दुपारनंतर डाव्या हाताच्या. एप्रिल-मे महिन्यांत लहान मूल बरोबर असेल तर सकाळी डावीकडे बसून दुपारी साताऱ्याच्या पुढे उजवीकडे सरकणे हा शहाणपणा. तो आरक्षणाच्या नियमात बसत नाही, म्हणून पुन्हा अदलाबदल.

दौंडने तर सगळ्यांचीच बाजू बदलली. कोल्हापूरहून गोंदियाला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस राज्याच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सुमारे साडेतेराशे किलोमीटर धावते. पुण्याहून ती दौंडला येते आणि तिथून मनमाडकडे वळते. दौंडच्या रचनेमुळे पुण्याहून आलेल्या गाडीला मनमाडची वाट धरायची तर इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावावे लागे. तोवर पुढे तोंड करून बसलेला प्रवासी तिथून पुढे पाठमोरा प्रवास करी. नागपूरच्या माहेराला निघालेल्या बाईला खिडकीची जागा मिळवून देताना हे सांगायला विसरणारा माणूस दौंडनंतर ऐकून घेई. युरोपात फ्रँकफर्ट, लाइपझिग, झ्युरिक अशा शहरांची मुख्य स्थानके अशीच आहेत. तिथे गाडी ज्या वाटेने आत येते त्याच वाटेने बाहेर पडते, आणि पुढे तोंड करून बसण्यासाठी खास निवडलेली जागा अर्ध्या वाटेत उलटते. दौंडला बाहेरून वळसा घालणारी कॉर्ड लाईन टाकल्यावर अनेक गाड्यांची ही उलटापालट टळली.

संगणकीय आरक्षण दिल्लीत १९८५ मध्ये सुरू झाले, मग टप्प्याटप्प्याने देशभर गेले. २००२ मध्ये आयआरसीटीसीने इंटरनेटवर तिकिटे द्यायला सुरुवात केली. वहीतला कारकून गेला आणि त्याच्याबरोबर लागोपाठचा खणही गेला. यंत्राला पसंती सांगता येते, जागा सांगता येत नाही. अर्जात ‘खालचा’, ‘बाजूचा’ असे लिहायचे, सगळे एकाच डब्यात असतील तरच तिकीट हवे अशी खूण करायची, आणि यंत्र देईल ते घ्यायचे. पहिल्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यात तर दोघांची कूपे मिळणार की चौघांची केबिन हे तक्ता तयार होईपर्यंत कळत नाही.

एका तिकिटावर सहा माणसे ही मर्यादा कोल्हापूरच्या एकत्र कुटुंबांना विशेष नडते. आठ किंवा दहा जणांसाठी दोन अर्ज भरावे लागतात, आणि दोन अर्जांची माणसे एकत्र येतीलच असे नाही. त्यात वडीलधाऱ्यांचा नियम वेगळा. ६० वर्षांवरील पुरुष आणि ४५ वर्षांवरील स्त्रिया यांच्यासाठी खालचे काही बर्थ राखीव असतात, पण ते मिळतात प्रवासी एकटा असेल किंवा तिकिटावर असे दोघेच असतील तर. म्हणून आजी-आजोबांचे तिकीट मुद्दाम वेगळे काढायचे. खालचा बर्थ मिळण्याची शक्यता वाढते, पण तो कुटुंबाच्या खणापासून चार खण दूर. मग पुन्हा अदलाबदल आली. २०१६ मध्ये पाच ते बारा वर्षांच्या मुलाला बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे, असे ठरल्यापासून मुलाला स्वतंत्र जागा द्यावी की आईजवळ निजवावे हाही पैशांचा प्रश्न झाला.

यंत्राच्या राज्यातही शेवटच्या स्थानकाचा फायदा उरला आहे. गाडी जिथून सुटते तिथल्या प्रवाशांसाठी सर्वसाधारण कोटा सर्वांत मोठा असतो, मधल्या स्थानकांच्या वाट्याला छोटे कोटे येतात. एकाच गाडीचे, एकाच रात्रीचे तिकीट कराडला प्रतीक्षा यादीत आणि कोल्हापूरला पक्के असे अनेकदा घडते. तेव्हा मधल्या गावातली माणसे कोल्हापूरपासूनचे तिकीट काढतात आणि आपल्या गावी चढतात. बोर्डिंगचे स्थानक बदलून घेतले की हे नियमातही बसते.

युरोपात सहकुटुंब जाणाऱ्या मराठी माणसाला तिथली पद्धत आधी उलटी वाटते. जर्मनीत तिकीट आणि जागा या दोन वेगळ्या खरेदी आहेत. तिकीट असले की गाडीत चढता येते, पण ठरावीक जागा हवी तर तिचे पैसे वेगळे. ती पडद्यावरच्या नकाशात बोट ठेवून निवडता येते. टेबलाभोवतीच्या चार जागा, मुलांच्या कुटुंबांसाठीचा भाग, तान्ह्या मुलांचा स्वतंत्र कप्पा, यांतले हवे ते. फ्रान्सच्या वेगवान गाड्यांत आरक्षण सक्तीचे. स्वित्झर्लंडमध्ये देशांतर्गत गाडीला बहुधा आरक्षणच लागत नाही, चढून मोकळी जागा पाहायची. तिथल्या दुमजली गाड्यांत मुलांना खेळायला घसरगुंडी असलेला कुटुंबाचा डबाही असतो. रात्रीच्या गाड्यांतला सहा बर्थचा कुशेत कप्पा मात्र कोल्हापूरकराला एकदम ओळखीचा वाटतो, तेच खालचे-मधले-वरचे, फक्त वाटेकडे दार. आणि बाजूचे दोन बर्थ नाहीत, त्यामुळे आठांच्या कुटुंबातले दोघे पुन्हा दुसऱ्या कप्प्यात. अदलाबदल तिथे फारशी चालत नाही. नकाशात बोट ठेवून, पैसे मोजून घेतलेली खिडकी कुणी वहिनींसाठी सोडत नाही, आणि त्यात त्याचे काही चुकते असेही नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये कोल्हापूर-पुणे वंदे भारत सुरू झाली. तिच्यात बर्थ नाहीत, खुर्च्या आहेत. वरच्या वर्गातल्या खुर्च्या पायाने कळ दाबून गोल फिरवता येतात, त्यामुळे चौघांचे कुटुंब हवे तर समोरासमोर बसू शकते. साध्या वर्गात एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला दोन खुर्च्या असल्याने पाच जणांची एक रांग जमते, आणि सहाव्याला मागे बसावे लागते. खिडक्या बंद काचेच्या आहेत, तेव्हा बाहेरून हात घालून रुमाल टाकण्याचा प्रश्न येत नाही.

कोल्हापूर-वैभववाडी हा सुमारे १०७ किलोमीटरचा मार्ग २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात आला. तो घाट उतरून कोकण रेल्वेला मिळायचा आहे. काम अजून उभे राहिलेले नाही. तो झाला की सावंतवाडी-कणकवलीहून भरून आलेल्या गाड्या कोल्हापूरच्या फलाटाला लागतील, आणि शाहूपुरीच्या कडेच्या स्थानकावर उभ्या राहिलेल्या कुटुंबालाही सांगली-कराडप्रमाणे आधी बसलेल्यांना थोडे सरकायला सांगावे लागेल.